पहिल्या रांगेतली गरजू बाई

मी गरजू आहे, हे मला पेपर वाचून कळलं. तोपर्यंत मी स्वतःला स्वयंसेविका समजत होते!

सेवेला जाण्याची ही अक्कल मुळात माझी नव्हे, मीनाची. मीना म्हणजे माझी मुलगी. कॉलेजात जाते, आणि मोबाइलमधून डोकं वर काढते ते फक्त मला सुधारण्यासाठी. यंदा उन्हाळा लागला तेव्हा एका सकाळी म्हणाली, "आई, प्रताप नगरात एक महिला मंडळ आहे. उन्हाळ्याचे दोन महिने त्याइले सेवेले बाया पाहिजे. फक्त रविवारी. गरिबाइले माठ वाटायचे, चपला वाटायच्या. तू जाय."

"मी? अनोळखी बायाइत? मले नाई जमत वं."

"काहून नाई जमत? दिवसभर भितीसंग बोलून राहते. चार मानसाइत बस जरा."

(भिंतीशी बोलते हे खरं आहे. भिंत मध्येच तोंड घालत नाही.)

मीनाच्या बाबांना मात्र ही गोष्ट पटली. हे तीस वर्षं हातमागावर बसले. माग बंद पडला तेव्हापासून महाल भागातल्या एका साडीच्या दुकानात, गिऱ्हाइकांनी विस्कटलेल्या साड्यांच्या घड्या करतात. माग गेला, पण ताठा गेला नाही. आजवर कुणाचं फुकट घेतलं नाही. देवळात प्रसादाला दुसऱ्यांदा हातसुद्धा पुढे करत नाहीत! म्हणाले, "जाय. आपल्या घरून लोकाले काही गेलं पाहिजे. आपन काही घेनारे लोकं नाई."

मलाही मनातून जायचं होतं, पण ते मी कोणाला सांगितलं नाही. मी कुणाची बायको आहे, कुणाची आई आहे. कुठेतरी आपल्या नावाचं एक काम असावं, आपण गेलो नाही तर कुणीतरी "आज त्या आल्या नाहीत का?" असं विचारावं, एवढीच इच्छा होती. दोन महिन्यांपुरतीच.

रविवारी मी ठेवणीतली साडी नेसले. यांनी मागावर विणलेली शेवटची साडी, करवतीच्या दातांसारख्या काठाची. पहिला दिवस म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती. बाहेर ऊन असं की कावळ्यानेही दुपट्टा बांधून फिरावं. मी डोकं, कान, तोंड गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवले आणि निघाले.

हॉलच्या दारात दोन टेबलं होती. एकावर सहा बाया मोठमोठ्याने हसत होत्या. दुसऱ्यावर एक शांत माणूस वही घेऊन बसला होता. मी अर्थातच शांत माणसाकडे गेले. (तिथेच घात झाला. त्या हसणाऱ्या बायांकडे जायची हिंमत केली असती तर ही हकीकत लिहायची वेळ आली नसती.)

"आधार कार्ड?"

मी दिलं. त्याने अंगठ्यासाठी शाई पुढे सरकवली.

"सही येते," मी पुटपुटले.

"वा मावशी, सही येते!" तो इतका खूश झाला की मलाही अभिमान वाटला. त्याने सदतीस नंबरची चिठ्ठी दिली. "पहिल्या रांगेत बसा. नंबर पुकारला की उठायचं."

किती शिस्तीचं मंडळ, मला वाटलं!

शेजारी एक बाई बसली होती. तिने विचारलं, "पयल्यांदाच आल्या का?"

"हाव."

"लाजू नका. मीबी पयल्यांदा लाजली होती."

ही जुनी स्वयंसेविका असणार. मी धीर करून विचारलं, "काम जड असते का वं?"

"जड त असतेच. पन एकदा घरी नेऊन ठेवलं का झालं!"

उत्तर काही कळलं नाही, पण एका दिवसात दोन प्रश्न विचारण्याएवढी माझी तयारी नव्हती.

"सदतीस!"

मी स्टेजवर गेले. तिथे बारा बाया एकच नळाचा माठ धरून उभ्या होत्या. मला वाटलं, तेरावी जागा माझी! मी हात लावला आणि बाराही जणींनी माठ माझ्या छातीवर लोटला.

"मावशी, कॅमेऱ्याकडे बघा!"

"ताई, मी ते... मी घ्याले नाई..."

"घ्या घ्या, संकोच करू नका!"

आणि मग मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "थँक्यू, ताई." दिवसभरात माझ्या तोंडून स्पष्ट निघालेले शब्द तेवढेच!

माठ कमरेवर घेऊन घरी आले. "मंडळानं देला. सगळ्याइले देला," मी सांगितलं. यात खोटं काहीच नव्हतं. पाणी मात्र असं गार व्हायचं की हे दुकानातून आले की पेल्यावर पेला रिचवायचे. "माठ असावा त असा!" चार दिवस घरात सुख होतं.

पाचव्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'गरजू महिलेस माठ देताना मंडळाच्या पदाधिकारी.' माझी चौथीपर्यंतची शाळा, पण एवढं वाचायला ती पुरली. चेहरा दुपट्ट्यात होता. उन्हाचे आभार मानण्याची जन्मातली ती पहिलीच वेळ! मीनाने फोटो पाहिला आणि पान उलटणार, तेवढ्यात यांनी पेपर ओढला. चष्मा कपाळावर सारला. कागद नाकाशी नेला.

"हा काठ माह्या हातचा आहे."

"कोन्ता काठ, बाबा?"

"हा. असा दात दुसऱ्या कोनाच्या हातानं पडत नाई."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा संसार, आणि बायको ओळखायला काठ लागला! हातात पाण्याचा पेला होता. ते मोरीत गेले आणि चूळ भरून आले. चार दिवसांत जे पोटात गेलं त्याचं काय, हे मी विचारलं नाही.

"घेतलाच काहून?"

"नाई म्हनता नाई आलं."

"तोंड नाई का तुले?"

"बांधलं होतं," मी म्हणाले. (खरंच म्हणाले!)

ते हसले नाहीत. जेवलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "वापस नेऊन दे. सांग, घरात कमावता मानूस आहे."

रविवारी मी माठ घेऊन ऑटोने पुन्हा निघाले. रस्ताभर एकच वाक्य घोकलं: मी घ्यायला नाही, द्यायला आले होते. हॉलमध्ये मंडळाच्या मोठ्या ताई समोर आल्या आणि वाक्य कुठे गेलं कोण जाणे. "हा घ्या," एवढंच निघालं.

"फुटका निघाला का?"

"नाई. मले... काम पाहिजे होतं. सेवेचं."

 ताईंनी कपाळावर हात मारला. "अहो, मग आधी सांगायचं ना! आता कसं करू? देणाऱ्या बाया खूप झाल्या आहेत. एका माठाला बारा जणी! कमी आहेत त्या घेणाऱ्या. मजुरीला जाणाऱ्या बाया वेळेवर येतच नाहीत. हॉल रिकामा दिसतो, पाहुणे नाराज होतात." मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "तुम्ही पहिल्या रांगेत बसाल का? वस्तू घ्यायची, फोटो काढायचा, मागच्या दाराने परत आणून ठेवायची. तीसुद्धा सेवाच आहे, मावशी!"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"फक्त एवढी चांगली साडी नेसू नका. गरजू वाटत नाही. आणि तोंड बांधलेलंच ठेवा, म्हणजे दर वेळी तीच बाई आहे हे कळत नाही."

घरी आल्यावर यांनी विचारलं, "भेटलं का काम?"

"भेटलं."

मग उन्हाळाभर मी विटक्या छापील साडीत माठ घेतले, चपला घेतल्या, दुपट्टे घेतले. एकदा तर माझ्या पायाला न येणारी चप्पल टाळ्यांच्या गजरात स्वीकारली! हे दुकानात सांगत फिरत, "आमच्या घरची रविवारी सेवेले जाते." आणि एका सकाळी पेपर माझ्यापुढे धरून म्हणाले, "पाह्य वं, फुकटची चप्पल घ्याले कशी सामोर बसली! अशाइलेच देता का तुमी?"

"देतो," मी म्हटलं.

मीनाने फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ताट उचलून आत गेली. त्यानंतर ती मला 'चार माणसांत बस' असं कधी म्हणाली नाही.

शेवटच्या रविवारी स्वयंसेविकांना प्रमाणपत्रं वाटली. माझं नाव त्या यादीत कसं असणार? ते शांत माणसाच्या वहीत होतं. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. निघताना ताई धावत आल्या. "मावशी, एक रविवार तुम्ही आला नव्हता ना, फार अडलं हो! हिवाळ्यात ब्लँकेटं वाटायची आहेत. नक्की या, तुम्हाला आता अनुभव आहे."

यांच्या तीस वर्षांच्या अनुभवाला कोणी परत बोलावलं नाही. मला दोनच महिन्यांच्या अनुभवावर पुढच्या मोसमाचं काम पक्कं झालं! हे घरी सांगावं तर सांगता येत नाही. म्हणून हे दुकानात आणि मीना कॉलेजात गेली की मी दार लावते, आरशासमोर उभी राहते आणि या उकाड्यात कुडकुडण्याचा सराव करते.