डिसेंबरातली विहीर

२०२१ साल. मी एकाहत्तर वर्षांचा, आणि एरंडोलच्या आमच्या गल्लीत एक घर असं होतं की तिथं जानेवारी येतच नव्हता. ते घर कॅफेवाल्या आबांचं.

आबा माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. पूर्वी त्यांचा इंटरनेट कॅफे होता. तो बंद पडला तरी एक कॉम्प्युटर त्यांनी ओटीवर ठेवला होता आणि त्यात विहिरीचा खेळ. स्वतः बनवलेला. बटण दाबलं की रहाट फिरायचा, बादली खाली जायची, भरून वर यायची. एके काळी लांबलांबची माणसं इंटरनेटवर तो खेळायची म्हणे. पण बादली वर येईपर्यंत अर्धं पाणी सांडायचं! मी म्हणायचो, "आबा, विहिरीवर जन्म गेला माझा. असं सांडत नाही." ते म्हणायचे, "मना हातनं सांडस, नाना." सुधारायचं नाव नाही.

असले खेळ कॉम्प्युटरातल्या ज्या फ्लॅश नावाच्या प्रोग्रॅमवर चालायचे, तो त्या जानेवारीत कायमचा बंद झाला. तारीख बघूनच खेळ अडवायचा. पडद्यावर नुसता राखाडी चौकोन. आबांनी काय करावं? इंटरनेटची वायर उपटली आणि कॉम्प्युटरची तारीख मागे नेली, डिसेंबरात. महिना संपत आला की पुन्हा एक डिसेंबर. बघून बघून मलाही ते पाठ झालं, आणि डोकं फिरायचं. चौथी शिकलेला माणूस मी, पण रोज सकाळी कॅलेंडरचं पान माझ्या हातानं फाडतो.

"खोट्या तारखेत कसले राहता, आबा?"

"बठ्ठीकडे मरी गया हाऊ खेळ, नाना. आठेच जित्ता शे." सगळीकडे मेला, फक्त इथंच जिवंत आहे, असं त्यांचं म्हणणं.

पुढे आबा आजारी पडले. मुलगा त्यांना धुळ्याला घेऊन गेला आणि कॉम्प्युटर आला माझ्या गळ्यात. गाडीत बसतानाही तेच, "तारीखले हात लावाना नही." मी मान हलवली. तिसऱ्या दिवशी तारीख बरोबर करून टाकली. माझ्या घरात खोटं चालत नाही. राखाडी चौकोन आला. येऊ दे.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता धुळ्याहून आबांचा फोन. "नाना, बादली वर येस का?"

"येते."

"पाणी सांडस का?"

"सांडतं हो, अर्धं!"

लहान मुलासारखे हसले. मग रोज दहाला फोन, रोज तोच प्रश्न, रोज माझं तेच उत्तर. तारीख मागे नेणं दोन मिनिटांचं काम. पण एकदा बरोबर केलेलं मी पुन्हा चुकीचं करू? तोंडानं खोटं बोलत राहिलो, बोट काही हललं नाही.

एका सकाळी दहाचा फोन त्यांच्या मुलाचा होता. आबा गेले. धुळ्याला जाऊन, त्यांना पोचवून मी संध्याकाळी परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅलेंडरचं पान फाडलं नाही. कॉम्प्युटर लावला, तारीख डिसेंबरात नेली आणि दहा वाजता बटण दाबलं. बादली वर आली. अर्धं पाणी सांडलं.