शटरला दिसतं, असं मीच सांगितलं होतं

हडपसरजवळच्या मांजरीत आमच्या रांगेत बारा रो-हाऊस आहेत. प्रत्येकाच्या तळाशी एक गाडी मावेल एवढं पार्किंग आहे. त्याला मोटरचं शटर बसवून घेणारा पहिला मी. शटर आठ फूट उंच, पूर्ण खाली यायला अठरा सेकंद. हे सेकंद मी घड्याळ लावून तीनदा मोजले होते. जमिनीपासून वीस सेंटिमीटरवर दोन्ही खांबांना समोरासमोर दोन छोटे सेन्सर होते. त्यांच्यामधला न दिसणारा किरण तुटला की उतरणारं शटर थांबून उलटं वर जायचं. मी हडपसरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. तिथल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसलाही कामगाराचा हात वाचावा म्हणून असाच किरण असतो. त्यामुळे या सोयीचं मला फार कौतुक.

त्या कौतुकापोटी पहिल्याच रविवारी मी मुलींना प्रयोग दाखवला. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, शेजाऱ्यांची पाच. दोघी पायरीवर बसल्या. मी शटर सोडलं आणि त्याच्याखाली पाय पुढे केला. शटर थांबलं, वर गेलं.

"त्याला दिसतं?" धाकटीने विचारलं.

"दिसतं तर! पाय दिसला की थांबतं."

"माझा पण दिसेल? माझा छोटा आहे."

मी तिलाही पाय ठेवायला लावला. शटर थांबलं. मग सहा वेळा तेच. तिचे वडील कुंपणापलीकडून म्हणाले, "अहो, सर्कशीचं तिकीट कुठे मिळतं?" मी हसलो. शटरच्या जवळ खेळायचं नाही, हे वाक्य त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं नाही. निघायला हवं होतं.

आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा पार्किंगमध्येच होते. त्या वर्षी बायकोने झेंडूच्या लांब माळा केल्या आणि आतून दोन्ही खांबांवर जमिनीपर्यंत सोडल्या. फुलं सेन्सरच्या पुढे आली. शटर वीतभर उतरायचं आणि परत वर जायचं.

"माळा जरा आखूड करू का?" बायकोने विचारलं.

"कशाला? शोभा जाईल. दोन मिनिटांचं काम आहे."

मी दोन्ही सेन्सर खांबांवरून सोडवले, वायरीसकट वर नेले आणि मोटरच्या पेटीवर एकमेकांकडे तोंड करून चिकटपट्टीने बांधले. मध्ये चार बोटांची मोकळी जागा ठेवली. आता खाली काहीही असलं तरी त्यांना समोर सगळं मोकळंच दिसणार होतं. शटर निमूट उतरलं.

शिडी धरून उभी असलेली बायको म्हणाली, "अहो, हे असं चालतं का?"

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

तिसऱ्या दिवशी माळा सुकल्या, काढल्या. सेन्सर वरच राहिले. वीस दिवसांवर दिवाळी होती. तेव्हा पुन्हा माळा येणार, मग मध्ये उतरवून परत चढवायचे कशाला, असा माझा हिशोब. कारखान्यात प्रेसचा किरण असा चुकवल्याबद्दल दोन जणांना मी स्वतः घरी पाठवलं होतं. ते तेव्हा आठवलं नाही असं म्हणालो तर खोटं होईल. आठवलं होतं. घर म्हणजे कारखाना नव्हे, असं म्हणून मी ते बाजूला सारलं.

सोळाव्या दिवशी शाळांना दिवाळीची सुट्टी लागली होती. सकाळी पावणेनऊला मी गाडी बाहेर काढली, रिमोट दाबला आणि नेहमीप्रमाणे मागे न बघता निघालो. त्या सोळा दिवसांत रोज चारदा धरलं, तर साठाच्या वर वेळा मी असं न बघता शटर सोडलं असेल. वळणाच्या आधीच किंकाळी ऐकू आली. गाडी तशीच सोडून मी पळत आलो, रिमोट दाबला, शटर उचललं. धाकटी बाहेर फरशीवर बसली होती. तिचा उजवा पाय आत पसरलेला होता. माझी मुलगी भिंतीला चिकटून एकच सांगत होती, "ती म्हणत होती थांबेल, आता थांबेल."

मी तिला आणि तिच्या आईवडिलांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. पावलातली दोन हाडं मोडल्याचं नंतर कळलं. घोट्याच्या वर काही नाही, डॉक्टर म्हणाले, नशीब. एक्स-रे होईपर्यंत तिच्यासाठी घरून कपडे आणतो असं सांगून मी निघालो.

कपडे आणलेच. पण त्याआधी शिडी लावली, चिकटपट्टी काढली आणि दोन्ही सेन्सर पुन्हा वीस सेंटिमीटरवर बसवले. अकरा मिनिटं लागली. बायको दारात उभी राहून बघत होती.

"सांगणार आहात ना त्यांना?"

"आत्ता नको. आत्ता त्यांची मनःस्थिती नाही."

"त्यांची?" एवढंच बोलून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी शटर बसवणाऱ्या मेकॅनिकला बोलावलं. पन्नाशीचा, जवळच्याच गावातला माणूस. शेजारी त्याच्यावर तुटून पडले. "सेन्सर विकता की पणत्या? पोरीचा पाय गेला असता!" मेकॅनिकने पाय मध्ये ठेवून पाच-सहा वेळा शटर सोडलं. प्रत्येक वेळी थांबलं.

"चालतंय की साहेब. काय बी बिघाड न्हाई."

"आज चालतंय. काल नव्हतं. याला काय अर्थ आहे?"

मेकॅनिकने शिडी मागितली. वर चढून मोटरची पेटी बघितली. चिकटपट्टीचा चिकट पट्टा पत्र्यावर तसाच होता, त्याला धूळ लागायला सुरुवात झाली होती. त्याने त्यावर अंगठा फिरवला. खाली उतरला, माझ्याकडे बघितलं आणि आपली पेटी बंद केली. मी शिडी उचलून आत नेली. त्याने शेजाऱ्यांची आणखी दहा मिनिटं ऐकून घेतली आणि मान खाली घालून गेला.

पाच दिवस मी असेच काढले; त्यातच दिवाळी आली आणि माळांशिवाय गेली. रोज संध्याकाळी धाकटीला बघायला जायचो, चित्रांची पुस्तकं न्यायचो. सहाव्या दिवशी तिची आई चहा करायला आत गेली तेव्हा तिने हळूच विचारलं, "काका, पाय कसा ठेवायचा असतो?"

"म्हणजे?"

"ताई म्हणाली, मी चुकीच्या जागी ठेवला. म्हणून त्याला दिसला नाही. बाबा पण ओरडले, नीट बघून ठेवायचा ना. मी प्लॅस्टर काढल्यावर नीट ठेवीन."

ताई म्हणजे माझी मुलगी. धाकटीला पुन्हा पाय ठेवायचा होता. आणि चूक आपली, हे तिने पक्कं धरलं होतं. त्याच्यापुढे मला गप्प बसता आलं नाही.

मी तिच्या आईवडिलांना बाहेरच्या खोलीत बोलावलं, माझ्या मुलीलाही घरून आणलं. सगळ्यांसमोर धाकटीला सांगितलं, "तू पाय बरोबर ठेवला होतास. शटरला दिसलं नाही, कारण मी त्याचे सेन्सर काढून वर बांधून ठेवले होते. माळांसाठी. आणि नंतर कोणाला कळू नये म्हणून परत लावले. आणि त्याला दिसत असलं तरी त्याच्याखाली पाय घालायचा नाही. तेही मी चुकीचं शिकवलं."

धाकटीने आपल्या प्लॅस्टरकडे पाहिलं. मग शेजारी अगदी सावकाश म्हणाले, "म्हणजे आम्ही एक्स-रेच्या दारात उभे होतो, तेव्हा आपण स्क्रू आवळत होतात."

"हो."

"लावा त्या माणसाला फोन. माझ्यासमोर."

मी लावला, स्पीकरवर ठेवला, आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं.

"ठाऊक हाय साहेब," मेकॅनिक म्हणाला. "वर बघितलं तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तुमी घरचं मालक. मी सांगून कुणाला पटलं असतं? पोरगी कशी हाय?"

शेजाऱ्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याची माफी मागितली. मग आपल्या मुलीजवळ जाऊन तिच्या केसांवरून हात फिरवत बसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी उठलो. माझ्या मुलीला म्हणालो, "चल." ती हलली नाही.

"बाबा, मी तिला सांगितलं की तिचं चुकलं. तुला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"मग मला का बोलू दिलंस?"

मी दाराकडे बघितलं. ती मैत्रिणीच्या प्लॅस्टरजवळ सरकून बसली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तू जा. मी नंतर येते." धाकटीची आई मला दारापर्यंत सोडायला आली. तिने दार आपटलं नाही. बाहेर उभं राहून मी आतला माझ्या मुलीचा आवाज ऐकला. ती पहिल्यापासून सगळं सांगत होती, माझं नाव न वगळता.