बोटीवरचा सलाम

पलूसजवळच्या आमच्या गावात घरटी एक माणूस मिल्ट्रीत. नौदलात गेलेली पहिली मात्र माझी धाकटी बहीण. ती रजेवर आली तेव्हा माजी सैनिकांनी शाळेत तिचा सत्कार ठेवला आणि त्यानंतर युद्धनौकेवरचा एक जुना, गाजलेला सिनेमा.

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील शेतकरी चळवळीतले, तासगावच्या बाजारात ट्रॅक्टर थांबवून पत्रकं वाटायचे. युद्धाच्या नावावर कुणी काहीही दाखवावं आणि आपण टाळ्या वाजवाव्यात, हे मला मान्य नव्हतं. सिनेमा आधी दोनदा पाहून मी त्यातल्या चुकांचं पत्रक छापलं. कप्तानाच्या डाव्या हाताची पट्टी पुढच्या प्रसंगात उजव्या हातावर जाते. दोन धुराड्यांची बोट धुरात शिरते, बाहेर येते ती एका धुराड्यानिशी. कोकणच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवतो. आणि नौसैनिक लष्करासारखा पंजा समोर दाखवून सलाम करतात.

शाळेच्या दारातच एका निवृत्त सुभेदारांनी माझा गठ्ठा काढून घेतला.

"काय गं पोरी, सलाम चुकीचा? आमी काय जलमभर चुकीचा ठोकला?"

"आवं आबा, तुमचा बरोबरच. बोटीवर वेगळा असतो."

"सलाम म्हंजी सलाम. तुझं खोटं निघालं तर स्टेजवर माफी मागायची."

"मागीन," मी म्हणाले. भोवतीचे सगळे त्यांच्याच बाजूचे होते.

गलका ऐकून बहीण आली. तिनं पंजा जमिनीकडे झुकवून सलाम केला.

"हात लपीवतीया व्हय रं ही?" मागून कुणीतरी हसलं.

"व्हय, लपवायचाच," ती म्हणाली. "बोटीवर काम करून हात तेलानं काळं व्हायचं. सायबाला ते दिसू नयेत म्हणून ही रीत पडली, असं आमाला सांगत्यात."

मला ते पटेना. "कामानं काळा झालेला हात लपवायचा कशाला?"

"ताई, त्याच्यावर पुढचं पत्रक काढ."

सगळे हसले. सुभेदारांनी स्वतःचा पंजा तसा वाकवून पाहिला, पण खांदा ऐकेना. त्यांनी गठ्ठा माझ्या हातात दिला.

"वाट. पर खाली लिव्ह, मिल्ट्रीचाबी बरोबर हाय."

मी प्रत्येक पत्रकावर पेनानं तसं लिहिलं. ते खरंच होतं.

सिनेमात पहिला नौसैनिक कप्तानासमोर ताठ उभा राहिला, त्याचा हात वर गेला आणि पुढच्या रांगेतून सुभेदारांचा खणखणीत आवाज आला, "चुकला गडी."

सगळ्या माना बहिणीकडे वळल्या. तिनं नुसती मान डोलावली.