शिशाचा बैल

हसन गेल्याचं कार्ड साताऱ्याहून आलं ते भर दुपारी. मजकूर अडीच ओळींचा, त्याच्या मेहुण्याच्या अक्षरातला. मरणाचं कार्ड वाचून लगेच फाडायचं असतं. मी ते फाडलं नाही. त्याला आता पाच आठवडे झाले. आज लिहायला बसलो आहे तो आठवणींसाठी, आणि एका दुरुस्तीसाठीही. काही वर्षांपूर्वी वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत मी एक गोष्ट ठामपणे लिहिली होती. तशी ती लिहायचा मला अधिकार नव्हता.

दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या सुमारास माझा धाकटा भाऊ विष्णू आणि साताऱ्याचा हसन सांगलीत एका उस्तादांकडे पदकांचे ठसे कोरायला शिकत होते. कुस्त्यांच्या मैदानांची, शाळांच्या बक्षिसांची पदकं त्या एका खोलीत तयार होत. हसन मामाकडे राहायचा, पण दुपारची भाकरी आमच्या ओसरीवर खायचा आणि आईला मावशी म्हणायचा. त्याचा कप आम्ही वेगळा ठेवत होतो, हेही लिहिलं पाहिजे. नव्या मुलांना पहिलं वर्षभर एकच काम असे... पोलादाच्या तुकड्यावर खिलार बैल कोरायचा. कोरून झाला की त्याची शिशात छाप घ्यायची. उस्ताद छाप बघून चुका सांगत, मग शिसं पुन्हा वितळवायला जाई आणि ठसा घासून सपाट होई. सरावाच्या कामावर नाव घालायला बंदी होती. उस्ताद म्हणत, "नाव कोरायचं ते पदक जिंकणाऱ्याचं. तुमचं कशाला?"

दुसऱ्या वर्षी विष्णू विषमज्वराने एकोणीस दिवसांत गेला. तेराव्यानंतर उस्ताद हसनला घेऊन घरी आले. रुमालात बैलाची एक छाप होती. "पोरांच्या कामातली ही एकच मी वितळवली नाही, इतकी चांगली उतरली होती," ते म्हणाले. "पण दोघांतल्या कुणाची, ते आता मला सांगता येणार नाही." आईने माझ्याकडे पाहिलं. मी जमीन मोजणी खात्यातला माणूस. भिंग काढलं. बैलाच्या वशिंडाखाली सावलीच्या एकेचाळीस रेघा होत्या आणि सगळ्या उजवीकडून डावीकडे चढत गेलेल्या. उजव्या हाताची रेघ डावीकडून उजवीकडे चढते. विष्णू डावखुरा, हसन उजवा. "विष्णूचंच काम," मी सांगून टाकलं. हसन दाराशी उभा होता. आईने छाप मुठीत घेतली, ती त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सोडली नाही.

वर्षश्राद्धाच्या वेळी मी पुरवणीत विष्णूवर लिहिलं, तेव्हा रेघांचा आकडाही दिला. हसनचं कार्ड आलं : 'लेख वाचला. मावशींना सलाम.'

तो साताऱ्याला परतला, लग्न झालं, मुलगी झाली, घरीच ठसे कोरू लागला. मग छातीचा आजार जडला. शेवटचा भेटलो तेव्हा खाटेवर होता आणि उशाशी अर्धा कोरलेला ठसा होता. बोलता बोलता मी तो उचलला. त्यावरची अक्षरं उलटी होती. उलटी असणारच, छापेत सुलटी यायची म्हणून. मग एकदम लक्षात आलं. अक्षरं उलटतात तर रेघाही उलटतात. मी छापेवरून हात ठरवला होता, आणि तो नेमका उलटा ठरवला होता.

"हसन, अरे, तो बैल..."

तो हसला, हसताना खोकला. "आण्णा, जमिनीचा नकाशाबी असाच उलटा धरता व्हय? लोकांची शेतं कुठल्या कुठं गेली असतील की!"

"मग तुझा आहे तो?"

"तसं कुठं म्हणालो? आवं, आमी हात वळवत न्हाई, ठशाखालची गादी फिरवतो. गादी फिरली की रेघ कुणीकडंबी जाती. तुमच्या एकेचाळीस रेघांवर कायबी ठरत न्हाई."

"पण तुला तर ठाऊक असेल. सांग ना."

त्याने माझ्या हातातला ठसा काढून पुन्हा उशाशी ठेवला. "मावशीला बरं वाटतंय न्हवं? मग सोडा की गड्या." आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला 'गड्या' म्हटलं. मी पुन्हा विचारलं नाही.

कार्ड आल्यावर साताऱ्याला गेलो. त्याची बायको जुलेखा पडद्याआडून बोलली. "भाऊजी, घरात त्यांच्या हातचं एकबी न्हाई. सगळी पदकं लोकांच्या छातीवर गेली. तो अर्धा ठसासुदिक गिऱ्हाईक घेऊन गेलं. पोरीला काय दाखवू?" मुलगी चार वर्षांची आहे. बैल सांगलीत, माझ्या आईच्या मांडीवर होता.

सांगलीला परतलो. तिसऱ्या दिवशी आईला सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. मोतीबिंदूमुळे तिला आता दिसत नाही. ती बैल बोटांनीच ओळखते.

"म्हणजे विष्णूचा न्हाई?"

"सांगता येत नाही. असेलही. हसनचाही असेल."

"मग सात वर्षं मी कुणाच्या पाठीवरनं हात फिरवला रं?"

मला वाटलं, ती आता छाप बाजूला ठेवेल. तिने ती मांडीवर पालथी घातली, मागची कोरी बाजू चाचपली, पुन्हा सुलटी केली.

"हसनला आई नव्हती," ती म्हणाली. "दीड वर्षाचा असताना गेली. जेवताना कवातरी सांगितलं होतं त्यानं. तुला ठाव नसंल."

मला ठाऊक नव्हतं.

"माझ्यामागं हे त्याच्या पोरीला पोचव. तसं कार्ड टाक आजच. तवर हितं ऱ्हाऊ दे."

आणि तिचा अंगठा वशिंडावरून पाठीकडे, पाठीवरून शेपटीकडे सावकाश उतरू लागला.