तोंडापुढचा चेंडू

लेकीसाठी सात रस्ता चौकातल्या दुकानातून आणलेला टेनिसच्या चेंडूंचा डबा आज घरी उघडला. फस्सकन आवाज झाला, नव्या रबराचा वास आला आणि मी पुन्हा जाळीपाशी वाकून उभा राहिलो.

कित्येक वर्षांपूर्वीची, आपल्याच सोलापुरातली व्यावसायिक स्पर्धा, पुरुष दुहेरीचा सामना. मागून धाकटा भाऊ सतीश सर्व्हिस करत होता. ती मंदावत चालली, तसे समोरचे फटके थेट माझ्या छातीवर येऊ लागले. जाळीपाशी उभ्या माणसाला मागं वळून बघायची सोय नसते.

मग सतीश जवळ आला आणि तोंडापुढं चेंडू धरून म्हणाला, "दादा, खांदा गेला माझा. अण्णांना कळू देऊ नको."

समोरच्या परदेशी जोडीला मराठी कुठं कळत होतं? तोंड झाकलं होतं ते पहिल्या रांगेत बसलेल्या वडिलांपासून. आम्हा दोघांना एका जोडीत बघायची त्यांना फार हौस. आम्ही शेवटपर्यंत खेळलो. सतीशचा तो हात अजून डोक्याच्या वर जात नाही.

डब्याकडे बघत अण्णा त्या सामन्याबद्दल आज पहिल्यांदा बोलले. "मला दिसत होतं की सगळं. पण तुमी दोघं एवढं जीव तोडून खेळताय, मधीच थांबा कसं म्हणायचं?"