मिठाचा एक मोल

यशोदाबाई खाडीकाठच्या मिठागरात वाढल्या. मिठागरे बुजून तेथे इमारती आल्या, आणि त्या खांदेश्वरला मुलाकडे, माझ्या शेजारी, राहू लागल्या. मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून त्यांचे डायलिसिस सुरू होते. मीठ जवळजवळ वर्ज्य. अळणी पेज त्या औषधासारखी घेत.

त्यांची नात भाविका नववीत. मी रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक. तिची शिकवणी माझ्याकडे. मोल ही कणांच्या ठरावीक संख्येची कल्पना तिला उमगेना, म्हणून तिच्याच घरी मी तिला मिठाचा एक मोल, म्हणजे साडेअठ्ठावन्न ग्रॅम, तोलायला लावला.

"साखरेचा मोल तीनशे बेचाळीस ग्रॅम भरतो," मी म्हणालो. "डझनभर बोरे आणि डझनभर नारळ. संख्या एकच, वजन निराळे."

"आमी मीठ टोपल्यांनी मोजलाय," यशोदाबाई हसल्या. "ही पोर काटा लावतंय, जसा काय सोनाच!"

ते मीठ पाण्यात विरघळवून ताट सज्जात उन्हात ठेवले. पाणी उडाल्यावर वजन पुन्हा तेवढेच भरते, हे भाविकाने स्वतः पाहावे, एवढाच हेतू. राखण यशोदाबाईंनी आपणहून पत्करली.

पाणी आटले. काटा चोपन्नावर थांबला.

"माझं काय चुकलं, सर?"

"कावल्यानं खाल्ला असंल गो," यशोदाबाई म्हणाल्या.

"कावळे मीठ नाही खात, आजी."

तेवढ्यात भाविकाची नजर पेजेच्या वाटीकडे गेली. काठाला पांढरे कण होते. यशोदाबाईंनी वाटीवर पदर ओढला.

"नवीन मीठ पडला का बापूस पयला दाना माझ्या जिभेवर ठेवी. तवराच घेतला. मंग राहवला नाय. तुझ्या आयशीला नको सांगू."

भाविकाने सांगितले. ते आवश्यकच होते; संध्याकाळी आजीला धाप लागली, तेव्हा कारण ठाऊक असल्याने उपचार लगेच झाले. सूनबाई सोनलने मात्र मिठाची बरणी कुलपात ठेवली. "एक खडा दे गो," असे यशोदाबाई नातीला विनवीत, आणि ती मान खाली घालून बसे. पावसाळ्यापूर्वीच त्या गेल्या.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. मुलाने हात जोडून नाना वचने दिली, व्यर्थ. अखेर भाविकाने प्रयोगाच्या ताटातल्या, जपून ठेवलेल्या मिठाची पुडी सोडली आणि चिमूटभर पिंडावर ठेवले.

"अहो, पिंडावर मीठ चालत नाही," भटजी म्हणाले.

"चालू द्या," सोनल म्हणाली, आणि तिला रडू फुटले.

काही वेळाने कावळा उतरला. कडेची शिते उचलून, मीठ तेवढे ठेवून, तो उडाला. भाविका त्या मिठाकडे पाहत उभी राहिली.