चिंचेनं घासलेला बिल्ला

इथे अमेरिकेत, प्लेनोतल्या माझ्या किचनमध्ये नात अनन्या चिंचेच्या कोळानं समई घासत होती. तो आंबट, पितळी वास नाकात शिरला आणि मी थेट सातपुड्यातल्या आमच्या भिल्लांच्या पाड्यावर पोचले.

आजोबा तिथले नाईक, म्हणजे पाड्याचे प्रमुख. पहिल्या महायुद्धात त्यांनी पाड्यातली माणसं इंग्रजांच्या पलटणीला दिली, म्हणून सायबानं त्यांना पितळी बिल्ला दिला होता. इंग्रज गेले तरी दर होळीला तो पागोट्यावर चढायचाच. एका वर्षी मी तो चिंचेनं घासला होता. नऊ वर्षांची असेन.

आमच्याकडे घराघरातून एकेक लाकूड पडल्याशिवाय नाईकाला होळी पेटवता येत नसे. दिवस मावळत होता. शेवटी म्हातारी रूमाबाय आली आणि लाकूड छातीशी धरून उभीच राहिली.

"सायबाला दिलेला शब्द डोक्यावर मिरवतोस, नाईक. पलटणीत धाडलेल्या माझ्या नवऱ्याला परत आणीन म्हणाला होतास, त्याचं काय?"

ढोल थांबला. मला तिचा भयंकर राग आला. माझा बिल्ला केवढा चमकत होता! आजोबांनी तो उतरवला, तेव्हाच तिनं लाकूड टाकलं.

तेव्हा मला तो आजोबांचा अपमान वाटला होता. आता तिच्या वयाची झाल्यावर आठवतं, त्याआधीच्या प्रत्येक होळीला ती त्याच बिल्ल्यासमोर मुकाट्यानं लाकूड टाकत आली होती.

अनन्याला ड्रॉवरमध्ये तो काळवंडलेला बिल्ला सापडला. "आजी, इट्स सो डर्टी! हा पण घासू?"

"नको," मी जरा जोरातच म्हणाले. "तो तसाच राहू दे."